शैलाची पाठदुखी

मी एकदा लग्नाच्या वऱ्हाडाला रोजचं गिऱ्हाईक समजले आणि त्या समजुतीवर निवृत्तीची सगळी पुंजी लावायला निघाले. तेव्हा मी साठीची होते, म्हणजे अक्कल यायला पुरेसा वेळ मिळालेला होता. टेलिफोन खात्यात जन्म घालवलेला, दोन मुलांची लग्नं लावलेली, हॉलवाल्यांशी आणि केटररशी भांडून भांडून आवाज बसलेला. अशा बाईला फेटे बांधलेली माणसं बघून लग्न ओळखता येऊ नये, हे आज मलाच खरं वाटत नाही. ही गोष्ट माझ्याखेरीज फक्त एका बाईला ठाऊक होती आणि तिने ती कधी कुणाला सांगितली नाही. मात्र एखाद्या समारंभात, चारचौघांत, ती माझ्याजवळ यायची आणि साळसूद चेहऱ्याने विचारायची, ‘वहिनी, यंदा लग्नसराई कशी आहे?’ मग मला ठसका लागायचा आणि लोक पाणी आणायला धावायचे.

ती बाई म्हणजे शैला, माझी धाकटी जाऊ. गेल्या महिन्यात ती गेली. सकाळी दूध तापत ठेवलं होतं, तेवढ्यात तिच्या मुलाचा, अजितचा फोन आला. ‘काकू...’ म्हणाला आणि पुढे बोलेना. फोनच्या खात्यात नोकरी केल्यामुळे मला एक कळतं. लाइन तुटल्यावरची शांतता वेगळी असते आणि समोरच्याला शब्द सापडत नसतात तेव्हाची वेगळी. मी गॅस बंद केला. आदल्या रात्री जेवून, भांडी आवरून झोपली ती उठलीच नाही, एवढंच त्याने नंतर सांगितलं.

आमच्या दोघींचं फार गूळपीठ होतं असं मी लिहिणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड खोटं लिहिण्याची पद्धत आहे खरी, पण शैला ते वाचून दुरुस्ती सांगायला परत येईल अशी मला भीती वाटते. ती शाळेत इंग्रजी शिकवायची आणि छापलेलं जे दिसेल ते शेवटपर्यंत वाचायची. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला बारीक कागद, विजेच्या बिलाची मागची बाजू, दुधाच्या पिशवीवरचा मजकूर, काहीही. एकदा आम्ही सगळे लोणावळ्याला गेलो होतो, तर हॉटेलच्या खोलीत दाराच्या मागे लावलेले नियम ही बाई उभ्याने वाचत होती आणि मी पिशवी घेऊन बाहेर ताटकळत होते. मला तिचा राग यायचा. मी सासरी आधी आले, मोठी मी, पण सल्ला विचारायला सगळे तिच्याकडे. मी सांगितलं की लोक ‘हो का’ म्हणायचे, तिने सांगितलं की लिहून घ्यायचे. असे पुष्कळ दिवस गेले, आणि खोटं कशाला बोलू, तिचं कुठेतरी चुकावं अशी मी मनातून वाट बघत होते.

मग ते चुकलं. भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली, शैलाने शाळा सोडली आणि दोघांनी कात्रजच्या पुढे आंबेगावच्या रस्त्यावर केकचं दुकान घेतलं. घेतलं म्हणजे नाव दुसऱ्याचं, पाटी दुसऱ्याची, केकसुद्धा दुसऱ्याने पाठवलेले. पैसे आणि दिवसभर उभं राहणं तेवढं ह्यांचं. ह्याला फ्रँचायझी म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. उद्घाटनाला फुगे होते, कंपनीचा एक टाय लावलेला साहेब होता आणि भाऊजींचा चेहरा तर नवरदेवासारखा दिसत होता. त्यानंतर दर शनिवारी भाऊजी स्कूटरवरून आमच्याकडे बिबवेवाडीला पेस्ट्रीचा मोठा डबा आणून द्यायचे. मी एकेक पेस्ट्री खात यजमानांना म्हणायचे, ‘मिरवायची हौस बघा.’ दोन-दोन खाऊन म्हणायचे.

दीड-दोन वर्षांत दुकान बंद झालं. कारण असं सांगण्यात आलं की शैलाची पाठ धरली, उभं राहवत नाही, डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. पुढच्याच लग्नाला ती साडीवरून कमरेला रुंद पांढरा पट्टा बांधून आली. मग प्रत्येक बारशाला, मुंजीला, सत्यनारायणाला तो पट्टा. तिला पाठ असलेली खुर्ची द्यायची, तिच्या हातातलं ताट आपण घ्यायचं, जड काही उचलू द्यायचं नाही, असा घरात नियमच झाला. मोठी जाऊ असून मी तिच्या पिशव्या वाहिल्या. आणि वाहताना मनात म्हणायचे, पाठबिठ काही नाही, हिला गिऱ्हाइकाकडे बघून हसायला जमलं नसणार. मास्तरीणबाई केकवर नाव लिहून द्यायच्या आधी गिऱ्हाइकाचं शुद्धलेखन तपासत असतील.

थोड्याच वर्षांनी मी निवृत्त झाले. त्या काळात पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर चहाची दुकानं निघत होती, तुम्हाला आठवत असेल. एकसारख्या पाट्या, एकसारखे कप, बाहेर मोटरसायकलींची रांग. अशाच एका कंपनीची जाहिरात माझ्या हाती लागली आणि मी ठरवलं की आपण चहाचं दुकान घ्यायचं. यजमान पेपरमागून म्हणाले, ‘तुझ्या हातचा चहा घरात फुकट कुणी पीत नाही. लोक विकत पिणार?’ मी म्हटलं, चहा यंत्र करतं, पावडर कंपनी देते, मला फक्त गल्ल्यावर बसायचंय. ते म्हणाले, ‘मग ठीक आहे,’ आणि त्यांनी पान उलटलं. त्यांचा विरोध एवढाच असतो.

एका हॉटेलच्या हॉलमध्ये कंपनीची सभा होती. पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा आणि त्यावर दिवे लुकलुकत होते, एक दिवा म्हणजे एक दुकान. मला स्टेजवर बोलावलं, कंपनीचा अॅप्रन घातला आणि ‘आमच्या ज्येष्ठ महिला उद्योजिका’ म्हणून टाळ्या वाजवल्या. एवढ्या वर्षांत खात्यात माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. निरोप समारंभातसुद्धा साहेबांनी माझं आडनाव चुकवलं होतं. मी तिथेच बयाणा दिला. तो अॅप्रन अजून आहे, दिवाळीत चकल्या तळताना घालते.

उरलेले पैसे भरण्याआधी एखादं चालू दुकान बघून घ्यावं, एवढी हुशारी मात्र मी दाखवली. कंपनीचा एक तरुण मला रविवारी घेऊन गेला. वैशाखातला रविवार. दुकानासमोर ही गर्दी... पुरुष, बायका, नटलेल्या मुली, कप द्यायला मालकाला हात पुरेनात. काही जणांच्या डोक्याला चक्क फेटे होते. मला वाटलं, कंपनीने जाहिरातीसाठी गिऱ्हाइकांना फेटे बांधलेत, केवढी कल्पक माणसं ही. एका बाईने येता येता माझ्या हातावर पेढासुद्धा ठेवला. तो मी शुभशकुन समजून खाल्ला. ‘गर्दी बघा मॅडम,’ तो तरुण म्हणत होता आणि मी बघत होते. मालकाला विचारलं, कसं चाललंय? तो किटली न थांबवता म्हणाला, ‘एकदम मस्त.’ झालं. माझा अभ्यास संपला.

पैसे भरायची तारीख आषाढात होती. तोवर मी सगळ्यांना विचारलं, शेजारणींना, मुलांना, बँकेतल्या शिपायाला. सगळे म्हणाले, छान, ह्या वयात एवढी उमेद. घरात फ्रँचायझी चालवून बंद केलेली एक बाई होती, तिला तेवढं विचारलं नाही. ती बंद करून बसली आणि मी चालवून दाखवणार, हाच तर निम्मा आनंद होता.

शैला आपणहून आली. भर दुपारी, पीएमटीच्या बसने, कमरेला पट्टा बांधून. यजमान आत झोपले होते. तिने दार लोटून घेतलं, पट्टा सोडला आणि माझ्यासमोर खुर्चीच्या पाठीला अडकवला.

‘अगं, पाठ...’ मी म्हटलं.

‘पाठ ठणठणीत आहे, वहिनी. कधी दुखलीच नाही. पाणी द्या आधी.’

मी पाणी दिलं. तिने पेला रिकामा केला आणि शाळेत हजेरी घेतात त्या आवाजात सुरुवात केली. ‘दुकान बघायला कधी गेला होतात?’

‘मे महिन्यात. रविवारी.’

‘दुकानासमोर काय आहे?’

‘रस्ता आहे. आणि पलीकडे ते मंगल कार्यालय...’

‘फेटे होते का हो वहिनी?’

‘मला वाटलं, कंपनीने बांधलेत.’

ती हसली नाही. ओठ आत ओढून, छताकडे बघत थोडा वेळ बसली. मग म्हणाली, ‘साडी बदला. आता आषाढ आहे, एकही मुहूर्त नाही. आत्ताच जाऊ.’

रिक्षाने गेलो. कार्यालयाच्या फाटकाला साखळी होती. चहाच्या दुकानात मालक एकटा, स्टुलावर बसून मोबाइल बघत होता. पस्तिशीचा असेल. आम्हाला बघून घाईघाईने उठला, त्या घाईनेच मला कसंसं झालं. आम्ही दोन चहा घेतले आणि तिथल्याच बाकड्यावर बसलो. तो कप संपला, दुसरा संपला, तिसऱ्याने मला पित्त होणार हे दिसत होतं. एक कुरियरवाला येऊन गेला, एक माणूस पत्ता विचारून गेला. शैलाने मालकाला विक्री किती होते हे विचारलं नाही, फायदा विचारला नाही. ती एवढंच म्हणाली, ‘तुमचा सख्खा भाऊ उद्या असंच दुकान घ्यायचं म्हणाला, तर काय सांगाल?’

तो फडक्याने ओटा पुसायला लागला. स्वच्छच होता ओटा. बराच वेळ पुसून म्हणाला, ‘काकू, चहाचे पैसे राहू द्या.’

‘राहू कसे देऊ? तुमची कंपनी विक्रीवर टक्के घेते, फायद्यावर नाही, तुम्हाला तोटा झाला तरी. घ्या.’

तो पहिल्यांदा हसला. आणि मग बोलायला लागला. पावडर, कप, साखरेच्या पुड्या, सगळं कंपनीकडूनच घ्यायचं, कंपनी म्हणेल त्या भावाने. दुकान सजवायचं तेही कंपनीच्याच माणसाकडून. जागेचं भाडं मात्र ह्याच्या नावावर, करार पाच वर्षांचा, मध्येच सोडलं तर अनामत गेली. बघायला आलेल्या माणसाने दुकान घेतलं, तर ह्याला एक महिना टक्केवारी माफ. म्हणून ‘एकदम मस्त’. मला त्याचा राग यायला हवा होता. शैला परतताना म्हणाली, ‘त्याला काही म्हणू नका. बाहेर पडता येत नाही म्हणून तो आत बोलावतोय.’

बसस्टॉपवर आम्ही खूप वेळ बसलो. बस येत होत्या, जात होत्या, आम्ही उठलो नाही. तिथे तिने मला तिच्या दुकानाची गोष्ट सांगितली. पहिले काही महिने बरं चाललं, मग त्याच कंपनीने दोन गल्ल्या सोडून आणखी एक दुकान दिलं. तक्रार केली तर कळलं, करारात हद्द लिहिलेलीच नाही. केक कंपनी पाठवेल तेवढे घ्यायचे, न खपलेले परत नाहीत. ‘तुमच्याकडे शनिवारी डबा यायचा ना, तो आठवड्याचा न खपलेला माल. फेकवत नव्हता.’ मी खाल्लेल्या एकेका पेस्ट्रीची चव त्या बसस्टॉपवर माझ्या तोंडात परत आली. फंडाचे पैसे गेले, वर कर्ज झालं, ते फेडायला ती घरी शिकवण्या घेत होती, आणि आम्हाला वाटायचं, शिकवण्याची आवडच आहे हिला.

‘पण मग पाठ कशाला?’ मी विचारलं.

‘हौस माझी होती, वहिनी. मीच ह्यांच्या मागे लागले. करार वाचायलासुद्धा वेळ दिला नाही त्यांना, आज सही करा म्हणून हटून बसले. आता दुकान बुडालं म्हटलं तर लोक ह्यांनाच म्हणणार ना, न वाचता सही केली, बायकोच्या नादाने घालवलं. थोरल्या भावासमोर ते मान वर करून बसणार नाहीत. पाठीला कोण नावं ठेवतंय?’ मग म्हणाली, ‘हे घरात कुणाला कळता कामा नये. ह्यांनाही सांगू नका की तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला सांगितलं, कारण तुमचे पैसे जायला नकोत.’

मनात आलं, हिच्या जागी मी असते तर मी सांगितलं असतं का? जिने आयुष्यभर माझ्या चुकण्याची वाट बघितली, तिला? नसतं सांगितलं. मी उद्घाटनाला गेले असते आणि नारळ फोडून आले असते.

मी पैसे भरले नाहीत. बयाणा गेला तो गेला. यजमानांना सांगितलं, विचार बदलला. ते म्हणाले, ‘चहा तू करणार नव्हतीस ना, मग अडचण काय होती?’ त्यांना आजच्या ह्या लेखात उत्तर मिळेल.

त्यानंतर आम्ही दोघी एकदम जिवलग झालो असं नाही, पण पट्ट्याचं नाटक आता दोघींचं झालं. कुठल्याही कार्यात मी तिच्यासाठी सगळ्यात मोठी खुर्ची ओढून आणायचे, ‘शैलाला उभं ठेवू नका गं’ असं मोठ्याने ओरडायचे आणि ती खालच्या आवाजात मला लग्नसराई विचारायची. ओळखीत कुणी असं काही घ्यायला निघालं की मी त्याला तिच्याकडे धाडायचे. ती नेहमी ‘नको’च म्हणायची असं नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या सविताला तिने लाँड्रीचं दुकान घ्यायला लावलं, पण त्याआधी किती पायपीट केली. ‘चालू दुकानं कंपनी दाखवते, बंद पडलेली आपण शोधायची,’ असं म्हणायची आणि मोबाइलवर नकाशा उघडून ‘कायमचे बंद’ लिहिलेली ठिकाणं काढायची. नकाशावर विझलेले दिवे बघायचे, हे तिला मी सांगितलेल्या त्या हॉलमधल्या नकाशावरून सुचलेलं. मग त्या बंद दुकानवाल्यांच्या घरी जायचं, त्यांना आधी बोलू द्यायचं. भर सणात नाही, सुनसान दिवशी दुकानासमोर बसायचं. हद्द कागदावर लिहून मागायची. एका बंद दुकानवाल्याकडे मी तिच्याबरोबर गेले होते. तो दारातच म्हणाला, आम्ही तब्येतीमुळे बंद केलं. शैला म्हणाली, ‘हो का? माझीही पाठ दुखते.’ त्या माणसाने दार पूर्ण उघडलं आणि आम्हाला आत घेतलं.

तिचं जाणं शांत झालं, असं सगळे म्हणतात. असेल. मला मात्र नंतर रुखरुख लागून राहिली. दिवसकार्याला आलेली नातेवाईक मंडळी एकमेकांत बोलत होती, बिचारीने पाठीपायी किती सोसलं, हाताशी आलेलं दुकान सोडावं लागलं. मी पंगतीत वाढत होते. तिने सोसलं ते काय आणि लोक मानतात ते काय... शेवटी घरी येऊन हे सगळं लिहून काढलं. पण तिला शब्द दिलेला होता. तो फक्त एका माणसासाठी होता आणि तो माणूस अजून आहे. म्हणून परवा कागद घेऊन आंबेगावला त्यांच्या घरी गेले. ठरवलं होतं, भाऊजींना वाचायला द्यायचं, ते नाही म्हणाले किंवा नुसते गप्प राहिले, तरी तिथेच फाडून टाकायचं.

ते खिडकीपाशी बसले होते. अजित कामावर गेला होता. घर आवरलेलं होतं, फार आवरलेलं. शैला असताना टेबलावर नेहमी काहीतरी उघडं पडलेलं असायचं. मी कागद त्यांच्या हातात दिले आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, माझा नेहमीसारखा, वाईट. कप घेऊन बाहेर आले तेव्हा ते बसस्टॉपच्या पानावर होते. ते पान त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिसऱ्यांदा. चहावर साय धरली. मला वाटलं, आपण एका म्हाताऱ्या माणसाचा उरलासुरला मान त्याच्याच घरात बसून काढून घेतला. कागद परत घ्यायला मी हात पुढे केला. त्यांनी ते सोडले नाहीत. नीट एकावर एक जुळवले, मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

‘छापा, वहिनी. पण ही जागा दुरुस्त करा. करार तिने वाचला होता. दोन दिवस बसून, पेन्सिलीने खुणा करून, शेवटच्या पानापर्यंत. आणि नको म्हणाली होती. हौस माझी होती.’